पाण्याचा आंबटपणा आणि कृष्णाकांठची जबाबदारी

जमिनीची परीक्षा करावयाची तर मातीचा नमुना तपासावा, हें आतां बहुतेक बागाईतदार जाणतात. परंतु त्या जमिनीवरून वाहून जाणारें पाणी हाही तिचाच एक नमुना आहे, व तो कोणीं न खणतां आपणहून ओढ्यांत येऊन पडतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. शेतांतून, डोंगरांतून व कारखान्यांतून जें जें निसटतें तें तें शेवटीं पाण्यांत उतरतें. म्हणून ओढा किंवा तळें बिघडलें तर दोष पाण्याचा नसून वरच्या अंगास असलेल्या कोणाचा तरी असतो. या लेखांत आम्ही पाण्याच्या आम्लतेचा, म्हणजे साध्या भाषेंत आंबटपणाचा, प्रश्न मांडणार आहों. आणि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं त्यापासून कोणता धडा घ्यावा याविषयीं आमचें मत स्पष्टपणें सांगणार आहों.

पाण्याची आम्लता सामू या मापानें मोजतात. सात हा मध्य. त्याच्या खालीं आम्ल व वर विम्ल. हें माप बेरजेचें नसून पटींचें आहे. सामू एका अंकानें उतरला तर आम्लता दसपट होते, दोन अंकांनीं उतरला तर शंभरपट. अगदीं स्वच्छ हवेंतून पडणारा पाऊसही हवेंतील कर्बवायु विरघळल्यामुळें किंचित् आंबट, सुमारें ५.६ सामूचा असतो. त्यांत दगडी कोळशाच्या धुरांतील गंधकवायु व भट्ट्या-मोटारींच्या धुरांतील नत्राचे वायु मिसळले, म्हणजे गंधकाम्ल व नत्राम्ल तयार होऊन पाऊस खरोखर आम्ल बनतो. 'आम्ल पाऊस' हा शब्दप्रयोग रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञानें १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत केला होता. पण त्याचें मर्म जगास कळण्यास आणखी शंभर वर्षें लागलीं.

परदेशांतील तळ्यांची हकीकत

या हकीकतींत शेतीशास्त्राचा वांटा मोठा आहे. स्वीडनमधील हान्स एग्नेर या कृषिरसायनज्ञानें पावसाबरोबर पिकांस किती खत मिळतें हें पाहण्यासाठीं ठिकठिकाणीं पावसाचे नमुने जमविण्याची व्यवस्था केली. पुढें ती युरोपांत इतरत्र पसरली. त्या नोंदी पाहून स्वान्ते ओडेन या मृदाशास्त्रज्ञानें १९६७ सालीं वर्तमानपत्रांत लेख लिहून दाखवून दिलें कीं, ब्रिटन व मध्य युरोप येथील धुराडीं स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांवर आम्ल ओतीत आहेत. म्हणजे खताचा हिशेब मांडतां मांडतां विषाचा हिशेब हातीं आला. नोंद ठेवणाऱ्यास तिचा उपयोग आधीं ठाऊक असतोच असें नाहीं. ती ठेवली होती म्हणूनच उपयोग झाला.

स्वीडन व दक्षिण नॉर्वे येथील खडक ग्रॅनाइट जातीचा, वरची माती पातळ व चुना अत्यल्प. त्यामुळें आलेलें आम्ल मारण्यास तेथील भूमीपाशीं सामर्थ्य नव्हतें. तळीं आरशासारखीं स्वच्छ दिसूं लागलीं. पण तें स्वच्छपण जिवंतपणाचें नव्हतें. आम्लामुळें मातींतील अॅल्युमिनियम सुटून पाण्यांत उतरतो व माशांच्या कल्ल्यांवर बसून त्यांचा श्वास कोंडतो. शंख-शिंपल्यांस कवचापुरता चुना मिळत नाहीं. अंडीं व पिल्लें आधीं मरतात, मोठे मासे मागें राहतात. म्हणून कांहीं वर्षें कोळ्यांस मोठाले मासे मिळून उलट बरकत आल्याचा भास होतो, आणि मग एके वर्षीं जाळें रिकामें येतें.

कॅनडांत डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७६ पासून एका लहान तळ्यांत मुद्दाम थोडें थोडें गंधकाम्ल घालून, त्याचा सामू कित्येक वर्षांत सुमारें पांचापर्यंत उतरवून पाहिला. त्यांस असें दिसलें कीं, मोठा ट्राउट मासा आम्लानें एकदम मेला नाहीं. सामू सहाच्या आसपास येतांच त्याचें भक्ष्य असलेले लहान मासे व झिंग्यासारखे जीव नाहींसे झाले, आणि मोठा मासा उपासानें रोडावला. ज्याकडे कोणाचें लक्ष नसतें अशा क्षुद्र जीवांपासून नाशाची सुरवात होते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष आहे.

त्याच देशांत सडबरी येथें तांबें व निकेल गाळण्याचे मोठे कारखाने आहेत. गांवांतील धूर कमी व्हावा म्हणून १९७२ सालीं तेथें १२५० फूट उंचीचें धुराडें उभारलें. गांवावरचा धूर विरळ झाला, पण आम्ल नाहींसें झालें नाहीं; तें दूरच्या मुलखावर जाऊन पडलें. आपली घाण उंचावून दुसऱ्याच्या अंगणांत टाकणें हा उपाय नव्हे, हें तेथील लोक त्यावरून शिकले. पुढें धुरांतील गंधकच धरून ठेवण्याची सक्ती झाली, व उजाड टेंकड्यांवर १९७८ पासून चुना पसरून झाडें लावण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. आज तेथील कित्येक तळ्यांत पुनः मासे आहेत.

युरोपांतील राष्ट्रांनीं १९७९ सालीं जिनिव्हा येथें एकत्र येऊन हवेच्या दूषणाविषयीं करार केला. १९८५ सालीं गंधकवायु शेंकडा ३० नें घटविण्याचें कित्येकांनीं मान्य केलें. अमेरिकेनें १९९० सालीं तसा कायदा केला. त्यानंतर दोन्हीकडे गंधकवायूचें प्रमाण चार-पंचमांशांहून अधिक उतरलें आहे. तळीं सुधारत आहेत, परंतु ज्या वेगानें धूर उतरला त्या वेगानें नाहीं. अमेरिकेंतील हबर्ड ब्रूक या अरण्यांत १९६३ पासून ओढ्याच्या पाण्याची अखंड नोंद आहे. तीवरून १९९६ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, दीर्घकाळच्या आम्ल पावसानें मातींतील चुन्याची शिल्लकच धुवून नेली आहे, व म्हणून पाऊस सुधारला तरी ओढा सुधारण्यास विलंब लागतो. स्वीडननें सरकारी खर्चानें हजारों तळ्यांत वर्षानुवर्षें चुना टाकला. त्यानें मासे वांचले खरे. पण धूर चालू असेपर्यंत चुना टाकणें म्हणजे गळक्या रांजणांत पाणी भरणें होय.

यांतून तीन नियम निघतात. पहिला, मूळ बंद केल्यावांचून उपचार टिकत नाहीं. दुसरा, भूमीची चुन्याची शिल्लक संपण्यास वेळ लागतो, पण ती भरून येण्यास त्याहूनही अधिक वेळ लागतो. तिसरा, पाणी आधीं सुधारतें व जीव मागाहून परततात. हे नियम केवळ थंड देशांतील तळ्यांपुरते नाहींत.

आपल्याकडील स्थिति

आपल्या दोन जिल्ह्यांतील बहुतेक मुलूख काळ्या कातळाचा आहे. हा कातळ झिजतांना चुना व मॅग्नेशियम सोडतो. वाळवें, पलूस, तासगांव, मिरज या भागांतील काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे नांगरास लागतात. अशा भूमीवरून वाहणारें पाणी स्वभावतःच विम्ल असतें, आणि हवेंतील चुनखडीयुक्त धूळही पावसाचें आम्ल मारते. म्हणून कृष्णेच्या सखल खोऱ्यांत स्वीडनसारखीं आम्ल तळीं होतील अशी भीति घालण्याचें कारण नाहीं.

परंतु घाटमाथ्याची गोष्ट निराळी आहे. महाबळेश्वर, पांचगणी, कास, पाटणचा पश्चिम भाग व शिराळ्याचा चांदोलीकडील डोंगर येथें माथ्यावर जांभा आहे. महाबळेश्वरीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि हजारों वर्षें या पावसानें त्या भूमींतील चुना व सिलिका धुवून नेऊन लोखंड व अॅल्युमिनियम मागें ठेविले आहेत. म्हणजे चुन्याची शिल्लक कमी व अॅल्युमिनियमचा सांठा जास्त, अशी नेमकी ती स्थिति, जींत आम्ल सर्वांत घातक ठरतें. सातारच्या महाराजांनीं १८४२ सालीं बांधविलेलें वेण्णा तळें, सातारा शहरास पाणी पुरविणारें कास तळें आणि कृष्णा, कोयना, वेण्णा, वारणा यांचे उगमाकडील ओढे याच टापूंत आहेत. तेथील पाणी आज बिघडलें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्याची शिल्लक थोडी त्यानें जमाखर्च अधिक दक्षतेनें ठेवावा, एवढा व्यवहार तर आपल्यांपैकीं प्रत्येकास कळतो.

दक्षतेस कारणेंही आहेत. पावसाच्या पाण्याचें पृथक्करण करणारीं हिंदुस्थानांत जीं सरकारी ठाणीं आहेत त्यांत पुणें व नागपूर येतात. यांपैकीं अनेक ठाण्यांवर पावसाचा सामू गेल्या कित्येक दशकांत उतरत आला असून नागपूर हें त्यांतील एक आहे. औष्णिक वीजगृहांनीं धुरांतील गंधक धरून ठेवावें असा दंडक केंद्र सरकारनें १९१५ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१५ च्या डिसेंबरांत घातला. त्याची मुदत वरचेवर वाढत गेली, आणि २०२५ च्या जुलैंत बहुसंख्य वीजगृहांना त्यांतून सूट मिळाली. आपल्या कोळशांत गंधक कमी आहे, हें त्याचें एक समर्थन. तें खरें आहे; पण कोळसा किती जाळतो हाही हिशेबाचा भाग आहे. पाश्चात्य देशांनीं जें दार बंद केलें तें आपण उघडें ठेवीत आहों, आणि तें उघडें ठेवावयाचें तर निदान उंबऱ्यावर पहारा असावा.

दुसरें कारण आपल्या हातांतलें आहे. नत्राचीं कांहीं खतें जमिनीस आंबट करितात. शंभर किलो अमोनियम सल्फेटनें उत्पन्न होणारी आम्लता मारण्यास सुमारें ११० किलो, व शंभर किलो युरियाची मारण्यास सुमारें ८० किलो शुद्ध चुनखडी लागते, असें खतशास्त्राचें गणित आहे. काळ्या रानांत हा खर्च जमीन स्वतःच्या गांठीचा करिते व कोणास कळत नाहीं. जांभ्याच्या तांबड्या रानांत मात्र तो खर्च मुदलांतून होतो. महाबळेश्वर-पांचगणीच्या स्ट्रॉबेरी बागाईतदारांनीं व शिराळ्या-पाटणच्या भातकऱ्यांनीं म्हणूनच माती तपासून घेऊन, सांगितलेल्या प्रमाणांत चुना किंवा डोलोमाइट द्यावा. अमोनियम सल्फेटचा हात आंवरावा. आणि ओढ्याच्या दोन्ही कांठांस गवत व झाडांची पट्टी राखावी. उलट, हा चुन्याचा सल्ला ऐकून वाळव्याच्या किंवा मिरजेच्या काळ्या रानांत कोणीं चुना टाकूं नये. तेथें आधींच चुना पुष्कळ आहे. औषध एकाचें व रोगी दुसरा असें होतां कामा नये.

सखल भागाचें दुखणें

सखल भागाचें दुखणें आम्लतेच्या उलट, क्षाराचें आहे. पण नियम तेच. नीरा खोऱ्यांतील क्षारजमिनींविषयीं हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनीं १९१० सालींच पुस्तिका लिहून ठेविली आहे. कालव्याचें पाणी बेसुमार दिलें व निचरा ठेवला नाहीं, तर भूमिगत पाणी वर चढतें व क्षार माथ्यावर येतात, हें तेव्हांपासून ठाऊक असूनही पुढें कृष्णाकांठीं उसाच्या रानांत तोच पाठ गिरविला गेला. ज्या रानांत एकेकाळीं कांड्या मनगटाएवढ्या येत, त्यांत आज बाभळ व लव्हाळा माजलेला आपण पाहतों. कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रानें जमिनीखालून सच्छिद्र नळ घालून निचरा करण्याचें काम करून दाखविलें आहे. चोपण रानांत आधीं निचरा व मग जिप्सम, हा क्रम आहे. निचऱ्यावांचून जिप्सम टाकणें आणि धूर चालू ठेवून तळ्यांत चुना टाकणें, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

निचऱ्याचा नळ एकट्याच्या रानांत संपत नाहीं. त्याचें पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्यास न्यावें लागतें. म्हणून हें काम भाऊबंदकीनें नव्हे, संघानें करावयाचें आहे. आणि तें क्षारपाणी शेवटीं कृष्णेसच मिळतें, हेंही विसरतां येत नाहीं. पाणी बेतानें देणें हाच खरा मूळ उपाय. निचरा हा त्याच्या मागचा.

कृष्णेंतील मासे

आतां सर्वांत कटु विषय. २०२३ सालच्या मार्च महिन्यांत सांगलीजवळ कृष्णेंत हजारों मासे मरून कांठास लागले. असे प्रकार त्यापूर्वीं व इतरत्रही घडले आहेत. लोक सहज म्हणतात, पाणी विषारी झालें. परंतु रोगाचें नांव अचूक घेतल्यावांचून औषध अचूक होत नाहीं. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढतांना आसवनींत एका लिटर मद्यार्कामागें साधारण आठ ते पंधरा लिटर रहाळ, ज्यास स्पेंट वॉश म्हणतात, उरतें. तें तपकिरी, सामू चारच्या आसपास, म्हणजे चांगलेंच आंबट असतें. पण नदींत गेल्यावर त्याचा आंबटपणा पाण्यांतील विम्लतेनें लवकर मरतो. मासे मरतात ते दुसऱ्याच कारणानें. त्यांतील सेंद्रिय द्रव्य कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें. शहराच्या सांडपाण्याच्या शंभरपटीहून अधिक प्राणवायु तितकेंच स्पेंट वॉश खातें. उन्हाळ्यांत बंधाऱ्यामागें पाणी तुंबलेलें, प्रवाह मंद व ऊन कडक. अशा वेळीं मळीमिश्रित पाण्याचा एक लोंढा आला कीं रात्रींत मासे गुदमरतात. म्हणून येथें चुना टाकून कांहीं साधणार नाहीं. सोडणें थांबविणें हा एकच उपाय आहे. आसवनीनें असें पाणी बाहेर सोडूंच नये, तें आटवून, जाळून किंवा खतांत जिरवून संपवावें, असा नियम आहेच.

सर्व दोष कारखान्यांचा आहे असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. गांवोगांवचें सांडपाणी नदींत जातें, आणि सांगलीच्या शेरीनाल्याची चर्चा ऐकतां ऐकतां एक पिढी म्हातारी झाली. तरी आम्ही कारखान्यांविषयीं अधिक लिहितों, तें अशासाठीं कीं, या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ कारखाने सहकारी आहेत, आणि त्यांचे सभासद दुसरे कोणी नसून या मासिकाचे वाचक आहेत. पेट्रोलांत मिसळण्यासाठीं मद्यार्काची मागणी वाढली, देशानें २०२५ सालीं शेंकडा २० चें प्रमाण गांठलें, व त्या वाढीचा लाभ उसाच्या दरांतून आपल्या घरीं यावा अशी आपली रास्त अपेक्षा आहे. मग त्या लाभाबरोबर जें पाणी उरतें त्याची जबाबदारी कोणाची? दर वाढवून मागतांना आपण मालक, आणि नदी काळी झाली म्हणजे आपण केवळ ऊस घालणारे, ही दुटप्पी भूमिका आतां सोडली पाहिजे.

कोणी म्हणतील, कारखान्यास खर्च वाढला तर दर कमी बसेल. बसेल, कांहीं काळ थोडा कमी बसेल. पण नदीकांठच्या विहिरी, जनावरांचें पाणी, भोयांची उपजीविका व पोराबाळांचें पिण्याचें पाणी यांची किंमत आज कोणाच्याच ताळेबंदांत लिहिलेली नाहीं, म्हणून तो दर जास्त दिसतो. कोणी म्हणतील, पावसाळ्यांत पूर येऊन नदी आपोआप धुवून निघते. पूर घाण नाहींशी करीत नाहीं, पुढच्याच्या दारीं नेतो. कराडचें सांगलीस, सांगलीचें शिरोळास. सडबरीच्या उंच धुराड्याचेंच हें आडवें रूप आहे. आणि शिरोळकर आपल्यास काय म्हणत असतील, तें वरच्या गांवांस आपण काय म्हणतों त्यावरून ओळखावें.

काय करावें

केवळ खेद दर्शवून लेख संपविणें आम्हांस मान्य नाहीं. आमच्या सूचना चार आहेत.

पहिली, शेतकऱ्यांच्या संघांनीं पाण्याची वही ठेवावी. वेण्णा तळें, कास, वाई, माहुली, कराड, बहे, सांगली व चांदोलीखालीं वारणा, अशा नेमल्या जागीं, नेमल्या तिथीस, वर्षांतून निदान चार वेळां पाणी तपासावें: मृगाचा पहिला लोंढा, भाद्रपद, मार्गशीर्ष व चैत्र. सामू मोजावाच, पण तेवढ्यावर थांबूं नये. सामू हा रोजच्या गल्ल्यासारखा आहे. मुद्दल किती उरलें तें त्यावरून कळत नाहीं. आम्ल मारण्याची पाण्याची शक्ति, म्हणजे त्याची विम्लता, ही मुद्दल होय. ती घटत असतां सामू कित्येक वर्षें जागचा हलत नाहीं, आणि संपली म्हणजे एकदम कोसळतो. नदीच्या ठिकाणीं विरघळलेला प्राणवायु व क्षारताही पाहावी. हें काम महाविद्यालयांतील रसायनाचे विद्यार्थी आनंदानें करतील.

दुसरी, ती वही प्रसिद्ध व्हावी. लपविलेली नोंद ही नोंद नव्हे.

तिसरी, प्रत्येक सभासदानें आपल्या कारखान्याच्या वार्षिक सभेंत तीन प्रश्न विचारावे: यंदा स्पेंट वॉश किती निघालें? तें कोठें व कसें संपविलें? यंत्र बंद पडलें तर तें सांठविण्यास किती दिवसांची जागा आहे? अहवाल वाचला असें समजून हात वर करणें हा आपला धर्म नव्हे. उत्तर समाधानकारक असेल तर संचालकांचें अभिनंदन करावें. नसेल तर पुढील सभेंत पुनः विचारावें.

चौथी, वरच्या व खालच्या गांवांनीं एकत्र बसावें. युरोपांत एकमेकांशीं लढलेलीं राष्ट्रें धुराच्या प्रश्नावर एका मेजाशीं बसूं शकलीं, तर कराड, सांगली व शिरोळ येथील शेतकऱ्यांस एका सतरंजीवर बसण्यास कोणती अडचण आहे?

बिघडलेलें पाणी सुधारतें, ही या सर्व हकीकतींतील आशेची बाजू आहे. चाळीस वर्षांपूर्वीं मेलेलीं म्हणून सोडून दिलेलीं तळीं आज पुनः जिवंत होत आहेत. पण त्यांतील एकही आपोआप सुधारलें नाहीं. कोणीं तरी आधीं नोंद ठेवली, कोणीं तरी ती निर्भीडपणें छापली, आणि ज्यांच्या धुरानें तीं मेलीं त्यांनींच शेवटीं खर्च सोसला. आपल्या डोंगरावरील तळीं अद्याप चांगलीं आहेत तोंच त्यांची वही उघडावी, आणि खालची नदी बिघडली आहे तिचा खर्च सोसण्यास आपण, जे तिच्या पाण्यावर मोठे झालों, त्यांनीं पुढें यावें. येत्या गळीत हंगामापूर्वीं निदान एका तालुक्याच्या संघानें हें काम हातीं घ्यावें, अशी आमची विनंति आहे.